सातवा सांधा

९ जानेवारी २०२५, गुरुवार

नव्या डायरीची पहिली आठ पानं कोरीच राहिली. आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. आज मी माझ्या हाताने पहिला सांधा केला.

आमच्याकडे सांधे करणाऱ्या रंजनाची सासू, बायडाबाई, तापाने फणफणलेली. तिला घेऊन ती लोणावळ्याच्या दवाखान्यात थांबली आहे. आमचे मालक प्रितम सर बंगळुरूला. चुंबकाच्या अकरा सांध्यांपैकी सहा झालेत आणि सातवा आज झाला नसता तर तारेचं पुढचं गुंडाळणं अडलं असतं. दोन वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहून बघते आहे. म्हटलं, आपण करावा.

काम असं: तारेवरचं तांबं वितळलेल्या कथलात विरघळवायचं. आतले केसांसारखे धागे मोकळे होतात. दोन्ही तारांचे धागे कथलातच चिमट्याने एकत्र घेऊन वेणी घालायची आणि शिसं-बिस्मथच्या रसात बुडवून थंड करायची. पुढे हेलियममध्ये, उणे दोनशे एकोणसत्तर अंशांना, ही तार विजेला अजिबात अडवत नाही. सांध्यानेही अडवता कामा नये. अडवलं तर चुंबकातला प्रवाह हळूहळू मरतो.

रंजना हे सगळं न बघता करते. कुरवंड्याच्या पुढच्या ठाकरवाडीतली ही बाई आमच्या कान्हे गावातल्या शेडमध्ये झाडलोटीला आली होती. लेकीची वेणी घालावी तसे ते धागे तिच्या बोटांत येतात. माझा स्वभाव तसा नाही. मी दोनदा वेणी कथलातून बाहेर काढली, भिंगाखाली धरली, सगळे धागे सुटे झाल्याची खात्री केली आणि मगच शिशात बुडवली. थंड झाल्यावर कडेला एक गोल, चकचकीत मणी तयार झाला होता, अगदी मोत्यासारखा. बराच वेळ बघत बसले.

आमच्या रीतीप्रमाणे सोबत एक साक्षीदारही केला. म्हणजे त्याच हाताने, त्याच बैठकीत, तशाच तारेच्या छोट्या कडीवर केलेला दुसरा सांधा. पुढे शंका आली तर चुंबक न फोडता तो तपासता येतो. रजिस्टर भरलं. नावाच्या रकान्यात पहिल्या ओळीत रंजनाचं नाव आणि खालच्या पाच ओळींत ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा आहेत, तशाच दोन रेघा ओढून तारीख घातली. सर आले की सांगेन.

आबांना सांगितलं. ते भाकरी थापत होते. “रुळाचा का तारेचा?” म्हणाले. माझे वडील म्हणजे आयुष्यभर रेल्वेत चावीवाला म्हणून रुळाचे सांधे ठोकत फिरलेला माणूस. तारेचा म्हटल्यावर म्हणाले, “असू दे. सांधा त्यो सांधाच.” आज पिठलं त्यांनी मुद्दाम जास्त केलं होतं.

१० जानेवारी, शुक्रवार

रंजना आली. बायडाबाईंना बरं आहे. तिला माझा साक्षीदार दाखवला. तिने उजेडाकडे धरला, फिरवला, मण्यावर नख फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते.

“झ्याक हाय ताई,” म्हणाली आणि कपाटात सातव्या खणात ठेवून दिला.

दिवस चांगला गेला.

२० जानेवारी, सोमवार

चुंबक थंड केला, प्रवाह भरला, बाहेरचा पुरवठा काढून घेतला. आता आतला प्रवाह आपोआप फिरत राहायला हवा. हात-पाय तपासायच्या स्कॅनरसाठी हा आमचा पहिलाच चुंबक. मार्च उजाडायच्या आत घेणारी माणसं बघायला येणार आहेत.

बारा तासांत चुंबकीय क्षेत्र दहा लाखांत चार भागांनी पडलं. एक भाग चालला असता. प्रितम सर चहा न पिता कप हातात घेऊन उभे होते. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, घर गहाण टाकून ही शेड उभी केली आहे. “सांधेच,” ते म्हणाले. “दुसरं काय असणार? साक्षीदार काढा मॅडम.”

२२ जानेवारी, बुधवार

आजचं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला विचारता येईल.

सांध्याचा रोध नेहमीच्या मीटरने मोजता येत नाही. एका ओहमचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक, एवढी आमची मर्यादा. तिथे मीटर आंधळा. म्हणून साक्षीदाराची कडी हेलियमच्या भांड्यात सोडायची, तिच्यात प्रवाह सुरू करून द्यायचा आणि तो किती वेगाने मरतो ते शेजारच्या, क्षेत्र मोजणाऱ्या प्रोबवरून बघत बसायचं. मरण्याचा वेग म्हणजे रोध.

कपाटात अकरा साक्षीदार. सर म्हणाले, कुठलाही घ्या. सातव्यावर हात गेला होता, पण परीक्षा रंजनाच्या हाताची आहे, त्यात माझा एक मध्ये कशाला, असं वाटून तिसरा घेतला. जास्तीत जास्त प्रवाह भरला, म्हणजे आकडा स्पष्ट येईल. हेलियम चारच तास पुरणार होतं.

चार तासांत पाच टक्के घट. मर्यादेच्या साडेतीनपट रोध. नापास.

दोनदा गणित केलं. अहवालावर सही केली. एक गोष्ट खटकली, तीही लिहिते. अकराही सांधे असेच धरले तरी चुंबक बारा तासांत दीड-पावणेदोन भाग पडायला हवा होता. पडला चार. सरांना सांगितलं. ते म्हणाले, “काही सांधे याहून वाईट असतील. हातकाम आहे.” मला ते पटलं. आत्ता लिहिताना विचारते आहे की मला ते इतक्या पटकन का पटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

रंजना एक मार्चपासून कायम होणार होती. ते आता होणार नाही. सांधे तोडून पुन्हा करायला बाहेरचा माणूस येईल. तोवर आणि त्यानंतरही तिने झाडलोट आणि पॅकिंग बघायचं, किंवा तिला वाटलं तर सोडायचं. हे तिला सांगायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं. “तुमचं ऐकते ती.”

सांगितलं. आकडाही सांगितला, कारण आकडा सांगितला की माणसाला अन्याय वाटत नाही, अशी माझी समजूत.

ती म्हणाली, “तीन नंबर? तीन नंबरला काय झालंय?”

“पाच टक्के पडला.”

“आनि बाकीचे?”

“बाकीचे बघितले नाहीत.”

ती काहीतरी बोलणार होती. तिने माझ्याकडे बघितलं. मग एप्रन काढला, घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवला. “हातमोजे ऱ्हाऊ द्या माज्याकडं. फरशीच्या आसिडाला उपेगी येतील.” आणि हसली. मला हसता आलं नाही.

घरी आबांना सांगितलं. ते म्हणाले, “आमचा सायेब ट्रॉलीवर बसून सांधं बघायचा. खुर्चीवरनं समदं सारकंच दिसतं.” मी म्हटलं, मी खुर्चीवरून नाही बघितलं, चार तास उभी होते. त्यांनी भाजी वाढली.

२८ जानेवारी, मंगळवार

पाच दिवस रंजना माझ्या टेबलाभोवती फरशी पुसते आहे. पाय उचला म्हणत नाही. मीच उचलते.

आज जेवणाच्या सुट्टीत तिला आलेख दाखवला. का दाखवला, सांगता येत नाही. कदाचित आकड्यावर माझा विश्वास आहे हे तिला दिसावं म्हणून. रेघ डावीकडे उंचावर सुरू होते आणि घसरत जाते.

तिने बोट ठेवलं. “हितं लय पडलीय. हितं कमी. आन् हितं तर पडतच न्हाई म्हना की.”

“थोडी पडते आहे.”

“किती भरलं हुतं तुमी?”

“काठोकाठ. तार घेईल तेवढं.”

ती माझ्याकडे बघत राहिली, जरा कीव आल्यासारखी. “ताई, आमी खालच्या झऱ्यावरनं पानी आनायचो. हंडा काठोकाठ भरून डोक्यावर घेतला की पयल्या दहा पावलांत सांडतोच. मग वाडीपतूर थेंब पडत न्हाई. हंडा गळका हाय का न्हाई, ते दहाव्या पावलावर कसं कळंल?”

मी डबा तसाच ठेवून आत गेले. तासातासाची घट वेगळी काढली. पहिल्या तासात साडेतीन टक्के, दुसऱ्यात एक, मग त्याहून कमी, मग त्याहूनही. खरा रोध असता तर प्रत्येक तासाची घट जवळपास सारखी असती. हे बी.एस्सी.च्या पोराला कळतं. तारेत क्षमतेच्या अगदी कडेपर्यंत प्रवाह भरला की सुरुवातीला तारच थोडा सोडते. त्यात सांध्याचा काही दोष नाही. मी सांडलेलं पाणी मोजलं आणि हंड्याला भोक आहे असं सही करून लिहून दिलं.

सरांना म्हटलं, तीन दिवसांची चाचणी हवी.

“हेलियम काय इंद्रायणीचं पाणी आहे का मॅडम?”

मी म्हटलं, “माझी सही चुकीची असू शकते.” हे वाक्य बोलायला मला अर्धा दिवस लागला होता. सर म्हणाले, “शुक्रवारी लावा. सोमवारपर्यंत.”

२ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी दुपारी रंजनाचा तिसरा साक्षीदार पुन्हा भांड्यात सोडला. या वेळी प्रवाह थोडा कमी भरला आणि पहिले सहा तास हिशेबातच धरायचे नाहीत असं आधीच वहीत लिहून ठेवलं, म्हणजे नंतर मनासारखं करता येणार नाही.

आज सकाळी शेडमध्ये दोघीच. सुट्टी असून रंजना आली. तिची मुलगी प्रतीक्षा सोबत, सहा वर्षांची. उकडलेल्या वालाच्या शेंगा आणल्या होत्या. तिघी पडद्यासमोर बसून शेंगा सोलत होतो. रेघ आडवी.

प्रतीक्षाने विचारलं, “आये, ह्ये कवा हालणार?”

“हाललं तर आपली वाट लागली,” रंजना म्हणाली. “न हाललेलं बग.”

पोरगी इमानाने बघत राहिली. मग कंटाळून माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. वेणी इतकी घट्ट आणि सारखी की एक केस बाहेर नव्हता. मी त्या वेणीवरून हात फिरवला. रंजनाने बघितलं. खूप दिवसांत असा रविवार गेला नव्हता.

निघताना तिला म्हटलं, “तू माझ्यावर रागावली नाहीस?”

“रागावले की,” ती म्हणाली. “आता शेंगा खाल्ल्या न्हवं.”

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिले सहा तास सोडून उरलेल्या जवळजवळ तीन दिवसांत घट एका टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. रोध मर्यादेच्या शंभराव्या भागाच्या आसपास. रंजनाचा सांधा नुसता पास नाही, इतका चांगला आहे की आमचा प्रोबच कमी पडतो. जुना अहवाल रद्द केल्याचं मी लिहून दिलं. कारण: मोजणाऱ्याची चूक. सरांनी वाचलं, मान हलवली, रंजनाला बोलावून “उद्यापासून टेबलावर बस” म्हणाले.

“पण मग चुंबक का पडतोय?” ते मला म्हणाले. “प्रवाह आतल्या आत फिरवणारा स्विच असेल. नवा मागवायचा तर सहा आठवडे. म्हणजे मार्च उजाडून जाणार.” ते बसले. तरी मला हलकं वाटत होतं. माझ्या हातून झालेलं मी निस्तरलं, असं वाटत होतं.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. त्यांना आनंद झाला. “पोरगी सुटली म्हनायची.” मग ताटात बघत विचारलं, “आन् तुजा त्यो कसा निगाला?”

“कुठला?”

“तू क्येलेला. सातवा. पिठलं क्येलतं त्या दिवशी.”

मी म्हटलं, तो चांगला आहे, रंजनाने स्वतः बघितलाय. माझा आवाज चढला. आबा म्हणाले, “बरं,” आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. रजिस्टर काढलं. अकरा ओळी, पहिलीत रंजनाचं नाव, खाली दहा वेळा दोन-दोन रेघा. सातव्या ओळीतल्या रेघा माझ्या. किंचित तिरक्या आहेत. नऊ तारखेला लिहिलं होतं, सर आले की सांगेन. सव्वीस दिवसांत मला ते सांगायला वेळ झाला नाही, असं म्हणता येणार नाही. अकराही सांधे रंजनाचे म्हणून तिला खाली उतरवलं, तेव्हा मी तिथेच उभी होते.

सातवा साक्षीदार भांड्यात सोडला. या वेळी सहा तास थांबायची गरज पडली नाही. दोन तासांत प्रवाह निम्मा. पुढच्या दोन तासांत उरलेल्याच्या निम्मा. सांडून थांबणारी ही रेघ नव्हती.

त्या रोधावरून चुंबकाचं गणित केलं. दहा सांधे शून्य आणि एक हा, असं धरलं तर बारा तासांत दहा लाखांत किती भाग पडेल?

चार.

दुसऱ्या रीतीनेही करून बघितलं. चारच.

५ फेब्रुवारी, बुधवार

सरांना सांगितलं. रजिस्टर उघडून ओळ दाखवली. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग म्हणाले, “म्हणजे सांधा तुमचा, अहवाल तुमचा, आणि चोर पकडला तोही तुम्हीच.” हसण्याचा प्रयत्न केला, जमला नाही. “मॅडम, त्या बाईला मी तुमच्या सहीवर खाली बसवलं होतं.” मी म्हटलं, हो. लेखी द्या म्हणाले. दिलं. नंतर दारापर्यंत येऊन म्हणाले, “स्विच मागवायला नको, हे मात्र बरं झालं.” एकच सांधा तोडून करायचा आहे. घेणारी माणसं येईपर्यंत होईल.

रंजनाला सांगणं वेगळं. ती कथील तापवत होती. मी सांगितलं तेव्हा तिने हात थांबवला नाही.

“मला म्हाईत हुतं,” म्हणाली.

“कधीपासून?”

“दाखवला तवाच. कडंला मोती झालता. शिसं धरतं तवा पसरतं, मोती करत न्हाई. तुमी येनी बाहेर काडली असनार, बगायला. वारा लागला की ते धागं शिशाला जवळ घेत न्हाईत. म्हनून मी बगत न्हाई, बोटानंच वळखते.”

“मग झ्याक का म्हणालीस?”

आता तिने भांडं खाली ठेवलं. “तुमी माज्या तोंडाकडं कसं बगत हुता. परतीक्षा पयली भाकरी करून दाखवती तशी. काय बोलू? म्हनलं, मोजतीलच की, मशीन सांगंल.” जरा थांबून म्हणाली, “मशीन तर माजंच नाव घ्यायला लागली. मग बोलले असते तर ताईवर ढकलती म्हनाले असते सगळे. तुमीबी.”

मी नाही म्हणणार होते. खरं सांगायचं तर, मीही म्हणाले असते.

मी माफी मागितली. ती म्हणाली, “मीबी खोटंच बोलले न्हवं. फिट्टंफाट.” ते फिटत नाही, हे मला कळतं. तिलाही कळत असणार. तिचं खोटं मला खूश करायला होतं, आणि माझ्या दोन रेघांनी तिची नोकरी जाणार होती.

आबांना आल्या आल्या सांगितलं. त्यांनी विचारलं, “नाव घातलं का त्या वळीत?” घातलं म्हटलं. “मग जेव.”

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रंजनाने सातवा सांधा नव्याने करून आज चार दिवस झाले. चुंबक पुन्हा थंड आहे. रात्रीत दहा लाखांत एक भागही पडला नाही. एक मार्चचं तिचं पत्र सरांनी आजच टाइप करून ठेवलं. माझी बढती या वर्षी थांबली. बरोबरच आहे.

दुपारी काम नव्हतं. रंजना तारेचे तुकडे घेऊन आली. “बसा. आज तुमी करा. मी बगते.”

मी नको म्हटलं. तिने एप्रन माझ्या मांडीवर टाकला. कथलात धागे सुटायला लागले तसा माझा हात सवयीने वर यायला लागला. तिने मनगट धरून खाली ठेवलं. “डोळं मिटा हवं तर. पन वर काडू नका.” मी खरंच डोळे मिटले. बोटांना चिमट्यातून काहीतरी मऊ, दाट लागलं. ते धागे आहेत हे कळायला वेळ लागला.

थंड झालेला तुकडा तिच्या हातात दिला. या वेळी मोती झाला नव्हता. तिने उजेडाकडे धरला, फिरवला, नख फिरवलं. मी तिच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच.

“न्हाई ताई,” ती म्हणाली. “मागच्यापरीस बरा. पन न्हाई.”

दुसरा केला. “न्हाई.” तिसऱ्याला तिने जरा वेळ घेतला, आणि तोही कचऱ्यात टाकला. प्रत्येक ‘न्हाई’ला माझा जीव हलका होत होता. आता ही मला खूश करायला खोटं बोलणार नाही.

रजिस्टरमध्ये सातव्या ओळीत, माझ्या खोडलेल्या नावाच्या वर, तिचं नाव पूर्ण लिहिलं: रंजना बुधा हिलम. रेघा ओढल्या नाहीत. मागच्या कोऱ्या पानावर शिकाऊ सांध्यांचा नवा तक्ता आखला. पहिल्या तीन ओळींत माझं नाव, तीनही वेळा पूर्ण. शेऱ्याच्या रकान्यात तिने सांगितलं ते घातलं: पुन्हा करणे. सोमवारी बसायचं आहे.